सौरखिडक्यांच्या कंपनीत पैसे गुंतवायचेत? आधी काच तपासा, मग कंपनी, सगळ्यात शेवटी शेअर

वीज तयार करणारी खिडकी ही कल्पना ऐकताक्षणी पटते. उंच इमारतींच्या भिंतीच काचेच्या, त्यांच्यावर दिवसभर ऊन, मग त्या उन्हाची वीज का करू नये? प्रश्न रास्त आहे आणि त्यावर खरं, गंभीर काम चालू आहे. तरीही या क्षेत्रात अनेकांचे पैसे अडकतात, कारण तपासणीचा क्रम उलटा होतो. आधी शेअरचा भाव पाहतात, मग बातम्या वाचतात, मग बाजारपेठेचे डोळे दिपवणारे आकडे. एक चौरस मीटर काच वर्षाला किती वीज देते, हा खरं तर पहिला प्रश्न. तो पैसे गेल्यावर विचारला जातो.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. एखाद्या टप्प्यावर कंपनी नापास झाली तर पुढे जाऊ नका, वेळ वाचेल.

## टप्पा ० : तयारी

बसण्याआधी एवढं गोळा करा:

- एका ठरावीक उत्पादनाची डेटाशीट, तारखेसह. ‘आमचं तंत्रज्ञान’ या नावाचं माहितीपत्रक चालणार नाही.
- चाचणी प्रमाणपत्रांच्या प्रती. त्यावर मानकाचा क्रमांक, प्रयोगशाळेचं नाव आणि तपासलेल्या काचेचं माप हवं.
- मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, रोख प्रवाहाची विवरणं आणि लेखापरीक्षकाचा अहवाल, तळटीपांसकट.
- भागभांडवलाचा तक्ता: किती शेअर, किती वॉरंट आणि ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचे हक्क), किती कन्व्हर्टिबल नोटा (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज).
- पेटंटची यादी: अर्जाची तारीख, मालक कोण, परवाना कोणाकडून.
- प्रत्यक्ष बसवलेल्या ठिकाणांची यादी, प्रत्येकासमोर चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ.

नोंदणीकृत कंपनीची बहुतेक कागदपत्रं तिच्या शेअर बाजाराच्या किंवा नियामकाच्या संकेतस्थळावर मिळतात. खासगी कंपनीकडे ती मागावी लागतात. मागितल्यावर शेवटच्या यादीऐवजी संगणकावर रंगवलेली इमारतींची चित्रं आली, तर तेही उत्तरच समजा.

## टप्पा १ : ही नेमकी कोणत्या जातीची काच आहे ते ठरवा

‘सौरखिडकी’ या एका नावाखाली पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. प्रत्येकीची दुखणी वेगळी, म्हणून विचारायचे प्रश्नही वेगळे.

पहिली जात म्हणजे काचेच्या दोन थरांत अंतर सोडून बसवलेले नेहमीचे स्फटिकी सिलिकॉन सेल. सेल अपारदर्शक असतात, उजेड येतो तो मधल्या फटींतून. छतावरची काच, प्रवेशद्वारावरचं छत किंवा दोन मजल्यांमधला काचेचा पट्टा यांसाठी ती उत्तम. टेबलाशी बसून बाहेर बघायच्या खिडकीला कमी सोयीची.

दुसरी जात पातळ थराची: अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेलं) सिलिकॉन किंवा कॅडमियम टेल्युराइडचा लेप देऊन लेझरने बारीक रेघा किंवा ठिपके खरवडतात आणि तिथून उजेड आत येतो. स्पेनमधली ओनिक्स सोलर अमॉर्फस आणि स्फटिकी अशा दोन्ही सिलिकॉनच्या काचा इमारतींना पुरवते. ही दोन्ही तंत्रं जुनी, जोखीम तुलनेने कमी आणि भाव दहापट होण्याची स्वप्नंही कमी.

तिसरी जात सेंद्रिय रेणूंची. हे रेणू अतिनील आणि अवरक्त किरण शोषतात, दृश्य प्रकाश सोडून देतात. अमेरिकेतल्या युबिक्विटस एनर्जी आणि नेक्स्ट एनर्जी टेक्नॉलॉजीज या वाटेवर आहेत. चौथ्या जातीत काचेत किंवा मधल्या थरात मिसळलेले कण प्रकाश कडेकडे वळवतात आणि सेल फक्त कडेला असतात. ऑस्ट्रेलियाची क्लिअरव्ह्यू याच घराण्यातली. अमेरिकेतली युबीक्यूडी यासाठी क्वांटम डॉट, म्हणजे अतिसूक्ष्म अर्धवाहक कण, वापरते. पाचवी पेरोव्स्काइटची, म्हणजे ठरावीक स्फटिकरचनेच्या नव्या सौरपदार्थांची. पॅनासॉनिकने २०२३ साली जपानमधल्या फुजिसावा इथे पेरोव्स्काइट काचेची दीर्घ मुदतीची चाचणी सुरू केली.

सावधान: विजेवर रंग गडद-फिका करणारी ‘स्मार्ट’ काच वीज तयार करत नाही, ती वीज वापरते. दोन्हींच्या बातम्या आणि बाजाराचे आकडे बेधडक एकत्र केले जातात. ते वेगळे करूनच पुढे जा.

## टप्पा २ : एका चौरस मीटरचा हिशोब स्वतः करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. हा टप्पा वगळला तर पुढची सगळी तपासणी भुसभुशीत जमिनीवर उभी राहते.

### पारदर्शकता आणि कार्यक्षमता एकत्र वाचा

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतला साधारण ४३ टक्के भाग दृश्य प्रकाशाचा असतो. खिडकीतून बाहेरचं दिसायला हवं, म्हणजे हाच भाग सोडून द्यायचा. उरलेल्या अवरक्त आणि थोड्याशा अतिनील किरणांवर काम भागवायचं. दृश्य प्रकाश पूर्णपणे आरपार जाऊ देणाऱ्या एका थराच्या सेलची सैद्धांतिक मर्यादा २०.६ टक्के काढली गेली आहे, आणि प्रत्यक्षातले सेल तिच्यापासून बरेच दूर आहेत. मिशिगन विद्यापीठात २०२० साली सेंद्रिय सेलने ८.१ टक्के कार्यक्षमता आणि ४३.३ टक्के पारदर्शकता एकत्र गाठली, तीही प्रयोगशाळेत.

म्हणून एकटा कार्यक्षमतेचा आकडा निरर्थक आहे. दोन्ही एकाच नमुन्यावर मोजलेले हवेत. दोहोंचा गुणाकार करा: ८.१ टक्के गुणिले ०.४३३ म्हणजे ३.५ टक्के. वेगवेगळ्या कंपन्यांच्या काचा या एका आकड्यावर शेजारी शेजारी ठेवता येतात. एक जण ‘१० टक्के कार्यक्षमता’ म्हणतो पण पारदर्शकता २० टक्के, गुणाकार २. दुसरा ‘६ टक्के’ म्हणतो आणि पारदर्शकता ५०, गुणाकार ३. दुसरी काच सरस.

तपासा: डेटाशीटमध्ये तरंगलांबीनुसार आलेख आहेत का? प्रत्येक तरंगलांबीला आरपार गेलेला प्रकाश, परावर्तित झालेला प्रकाश आणि विजेत रूपांतरित झालेला प्रकाश यांची बेरीज १०० टक्क्यांच्या आत असलीच पाहिजे. कुठेही ती १०० ओलांडत असेल तर मोजणी चुकली आहे. आलेखच दिलेले नसतील तर मागा.

### उभ्या काचेवर ऊन कमी पडतं

डेटाशीटवरचे वॅट हे २५ अंश सेल्सिअस तापमान आणि दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश धरून लिहिलेले असतात. उभ्या भिंतीवर एवढा प्रकाश क्वचितच मिळतो. विषुववृत्ताजवळ तर भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि किरण काचेला जेमतेम खरचटून जातात. त्यात समोरच्या इमारतीची सावली, चौकटीची सावली, चुकीची दिशा.

हिशोब असा मांडा:

दर चौरस मीटर उभ्या काचेवर वर्षाला पडणारी ऊर्जा × कार्यक्षमता × बाकीच्या गळतीचा गुणक = वर्षाची वीज

समजा तुमच्या माहितीतल्या ठिकाणी चांगल्या दिशेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला वर्षाला ८०० किलोवॉट-तास (म्हणजे विजेच्या बिलातले युनिट) ऊर्जा पडते, काच ६ टक्क्यांची आहे आणि तारा, इन्व्हर्टर, धूळ, तापमान यांतून २५ टक्के गळती होते. ८०० × ०.०६ × ०.७५ = ३६. म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाला ३६ युनिट, महिन्याला ३. दोन मीटर बाय दीड मीटरचं ऐसपैस तावदान धरलं तर महिन्याला ९ युनिट. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. कंपनीचा प्रत्येक दावा त्याच्याशी ताडून पाहायचा आहे.

आता वरची हद्द काढा. त्याच भिंतीवर पूर्ण अपारदर्शक, २० टक्क्यांचं साधं पॅनल उभं लावलं, तर त्याच गळतीने १२० युनिट मिळतील. आरपार दिसणारी काच याच्या पुढे जाऊच शकत नाही. एखाद्या मनोऱ्याच्या वार्षिक विजेचा दावा दिसला की त्याला काचेच्या एकूण क्षेत्रफळाने भागा. उत्तर या हद्दीच्या जवळ आलं, तर कुठेतरी सपाट छताचं ऊन उभ्या भिंतीवर ओतलेलं आहे, किंवा चारही बाजूंना चांगली दिशा मानलेली आहे.

### जादा खर्च किती परवडतो

साध्या काचेपेक्षा सौरकाच किती महाग असली तर चालेल? ग्राहकाला दहा वर्षांत पैसे वसूल व्हायला हवे असतील, तर दर चौरस मीटरचा जादा खर्च ३६० युनिट विजेच्या किमतीच्या आत बसला पाहिजे. तुमच्याकडच्या विजेच्या दराने ३६० ला गुणा आणि तो आकडा दर्जेदार काचेच्या नेहमीच्या भावाशेजारी ठेवा. जादा खर्चात फक्त लेप धरू नका; केबल, जोडण्या, इन्व्हर्टर आणि काच बसवणाऱ्यांबरोबर इलेक्ट्रिशियनलाही भिंतीवर चढवावं लागतं, त्याची मजुरी हेही त्यात येतं.

सावधान: ‘ही काच उष्णता अडवते, वातानुकूलनाचं बिल निम्म्यावर येतं’ हा दावा वीजनिर्मितीत मिसळलेला असतो. उष्णता अडवायचं काम बाजारात सहज मिळणारी लो-ई लेपाची (उष्णता परतवणाऱ्या पातळ लेपाची) दुहेरी काचही करते. म्हणून तुलना तिच्याशी करा, एकेरी साध्या काचेशी नको. आणखी एक पेच आहे: लो-ई लेप अवरक्त किरण परतवून लावतो, सौरलेप मात्र तेच किरण गिळतो. गिळलेल्यातला थोडाच भाग विजेत जातो, बाकीच्याने काच तापते आणि त्यातली काही उष्णता खोलीत उतरते. वीज आणि उष्णतारोध यांचे आकडे एकाच तावदानावर मोजलेले आहेत का, एवढं विचारा.

## टप्पा ३ : काच किती वर्षं टिकेल

छतावरचं पॅनल बिघडलं तर शिडी लावून बदलता येतं. तिसाव्या मजल्यावरचं तावदान बदलायला झुला लागतो, कारागीर लागतात, खालचा रस्ता अडवावा लागतो. त्यामुळे इमारतीच्या काचेकडून २५-३० वर्षांची अपेक्षा असते. इथेच नव्या रसायनांची खरी परीक्षा आहे.

प्रमाणपत्रं वाचताना हे पाहा:

१. आयईसी (विद्युत उपकरणांची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ६१२१५ ही सौर मॉड्यूलच्या टिकाऊपणाची चाचणी. तीत ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास, तसंच उणे ४० ते ८५ अंशांमध्ये २०० फेऱ्या असतात.

२. आयईसी ६१७३० ही सुरक्षिततेची. आयईसी ६३०९२ खास इमारतीत बसवायच्या सौरसामग्रीसाठी.

३. काच म्हणून लागणारी वेगळी: लॅमिनेटेड (मध्ये थर घालून चिकटवलेल्या) काचेसाठी आयएसओ १२५४३, दुहेरी काचेच्या सीलसाठी ईएन १२७९ किंवा त्या त्या देशातलं समकक्ष मानक.

सौरकाच दोन्ही पंगतींना बसते. तिला पहिल्या दोन आणि तिसरी अशा दोन्ही बाजूंची प्रमाणपत्रं लागतात, पण कंपन्या बहुधा एकाच बाजूची दाखवतात. ‘आयईसी निकषांनुसार तपासलेली’ आणि ‘आयईसी प्रमाणित’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात कंपनीने स्वतःच्याच भट्टीत काच ठेवून पाहिली, एवढंही असू शकतं.

सेंद्रिय आणि पेरोव्स्काइट काचांसाठी टी-८० विचारा, म्हणजे कार्यक्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर यायला लागणारा काळ. तो उन्हात, भार जोडून, तापलेल्या अवस्थेत मोजलेला हवा. अंधाऱ्या कपाटात ठेवलेला सेल वर्षानुवर्षं ताजा राहतो, त्यावरून काही कळत नाही.

### तीन जागा जिथे काच दगा देते

कड. दुहेरी काचेच्या कडेला स्पेसर (दोन काचांत अंतर राखणारी पट्टी) आणि सीलंट (फट बुजवणारा चिकट पदार्थ) असतो. तो बाहेरची वाफ आत येऊ देत नाही आणि आतला वायू बाहेर जाऊ देत नाही. सौरकाचेत याच सीलमधून विजेची तार बाहेर काढावी लागते. सीलंट तारेच्या आवरणाला नीट चिकटला नाही, किंवा ऊन-थंडीने आवरण आकसलं, की केसाएवढी फट पडते. पाण्याची वाफ आत शिरते, आधी कोपऱ्यात धुकं दिसतं, मग लेपाच्या कडेला तपकिरी पट्टा सरकू लागतो. सेंद्रिय आणि पेरोव्स्काइट थर ओलाव्याला फार हळवे. कंपनीला नेमकं विचारा: तार कुठून बाहेर येते आणि त्या जागेसकट सीलची चाचणी झाली आहे का? तारेविना तपासलेल्या काचेचं प्रमाणपत्र इथे कामाचं नाही.

ताप. लेप ऊन शोषतो, काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते. या फरकामुळे साधी काच तडकते, म्हणून उष्णतेने बळकट केलेली काच घ्यावी लागते. तिचा खर्च धरला आहे का ते पाहा.

सावली. चौकटीची उभी सावली रोज सकाळी तावदानाच्या एका पट्ट्यावर पडते. सेलचे पट्टे एका माळेत जोडलेले असतील तर सावलीतला पट्टा सगळ्या माळेचा प्रवाह अडवतो आणि स्वतः तापतो. पट्ट्यांची दिशा आणि बायपास डायोड (सावलीतला भाग टाळून प्रवाह पुढे नेणारा सुटा भाग) यांबद्दल कंपनीकडे तयार उत्तर असायला हवं.

### वॉरंटीची तळटीप

वॉरंटी वाचताना वर्षं मोजण्याआधी खर्च कोणता धरलाय ते पाहा. रंग बदलणाऱ्या काचा बनवणाऱ्या अमेरिकेतल्या व्ह्यू या कंपनीचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. काचा सदोष निघाल्या, त्या बदलून देण्याचं ठरलं. हिशोबात नव्या काचा बनवायचा खर्च धरला गेला, पण त्या पाठवण्याचा आणि बसवण्याचा खर्च दाखवला गेला नाही. अमेरिकेच्या नियामकाच्या २०२३ मधल्या आदेशानुसार ही न दाखवलेली रक्कम २ कोटी ८० लाख डॉलरची होती. २०२१ मध्ये शेअर बाजारात आलेल्या या कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. तिची काच वीज तयार करत नव्हती, पण इमारतीवरची तार जोडलेली दुहेरी काच म्हणून तिची आणि सौरकाचेची जोखीम सारखीच.

तपासा: ताळेबंदात वॉरंटीसाठी वेगळी तरतूद आहे का? विक्री सुरू आहे आणि तरतूद शून्य आहे, तर थांबा.

## टप्पा ४ : प्रयोगशाळेतून कारखान्यात

प्रयोगशाळेतले विक्रम बहुधा एखाद्या चौरस सेंटिमीटरच्या किंवा त्याहून लहान सेलवरचे असतात. इमारतीच्या काचेचा पूर्ण तक्ता ३.२१ मीटर बाय ६ मीटर एवढा असतो. मधला प्रवास सरळ नाही. मोठ्या क्षेत्रावर लेप एकसारखा बसत नाही, पारदर्शक वाहक थराचा रोध वाढतो आणि धुळीच्या एका कणाने पडलेलं छिद्र अख्खा पट्टा निकामी करू शकतं.

कडेला प्रकाश वळवणाऱ्या काचेत ही अडचण आकड्यांत दिसते. ६ मिलिमीटर जाडीचा, १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन घ्या: पृष्ठभाग कडेच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ४ पट. बाजू १ मीटर केली की तो सुमारे ४२ पट होतो. ऐकायला छान वाटतं, कडेला तेवढाच सेल पुरतो. पण मधल्या भागातल्या प्रकाशाला कडेपर्यंत दहापट अंतर कापावं लागतं आणि वाटेत तेच कण तो पुन्हा शोषतात. म्हणून हातभर नमुन्याचा आकडा दारभर काचेला लावू नका.

विचारायचे प्रश्न: आजवर बनवलेली सगळ्यात मोठी काच केवढी? तिचीच कार्यक्षमता किती? शंभर काचा बनवल्या तर विकण्याजोग्या किती निघतात? शेवटचा आकडा कंपन्या लपवतात, पण तोच नफा ठरवतो. पाच पायऱ्यांची प्रक्रिया असेल आणि प्रत्येक पायरीवर ९० टक्के माल पास होत असेल, तर शेवटी हातात ५९ टक्केच येतात.

कारखाना स्वतःचा की मोठ्या काचकंपनीकडून लेप देऊन घेणार, हेही विचारा. दुसरा मार्ग भांडवल वाचवतो. मात्र काचकंपनी तिचा चालू कारखाना नव्या लेपासाठी थांबवायला नाखूश असते, म्हणून करारात ठरावीक क्षमता आणि तारीख लिहिलेली हवी.

## टप्पा ५ : काच विकत घेणार कोण

पैसे विकासक देतो, काच वास्तुविशारद सुचवतो, निवड दर्शनी भिंतीचा सल्लागार करतो, खरेदी कंत्राटदार करतो आणि वीज वापरणारा भाडेकरू वेगळाच. पाचांपैकी एकानेही ‘नेहमीची काच घ्या’ म्हटलं की ऑर्डर गेली. नकाशात काच लिहिली जाण्यापासून ती बसेपर्यंत सहज दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळे आज जाहीर झालेला ‘करार’ पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दिसेल असं धरू नका.

बातम्यांचं वजन असं लावा: सामंजस्य करार शून्य. ‘निवड झाली’ जवळपास शून्य. फुकट किंवा अनुदानावर बसवलेला पथदर्शी प्रकल्प थोडासा, तोही वर्षभराच्या मोजलेल्या विजेचे आकडे जाहीर केले असतील तरच. आगाऊ रकमेसह खरेदी आदेशाला खरं वजन. त्याच ग्राहकाने दुसऱ्या इमारतीसाठी पुन्हा पैसे मोजून घेतली असेल, तर सगळ्यात जास्त.

तपासा: उत्पन्नाच्या आकड्यात काचेची विक्री, सरकारी अनुदान आणि व्याज वेगवेगळं करा. काही कंपन्यांत काचेची विक्री ही सगळ्यात लहान रेघ निघते.

## टप्पा ६ : रोख किती महिने पुरेल

हा टप्पा लहान आहे, पण चुकवू नका. बँकेतली रोख भागिले महिन्याला निव्वळ जाणारी रोख. १२ कोटी हातात आणि महिन्याला ८० लाख जात असतील तर १५ महिने. टप्पा ५ मधली दोन-तीन वर्षं आठवा: पहिली मोठी विक्री यायच्या आधीच कंपनीला पुन्हा पैसे उभारावे लागणार. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात अशा कंपन्यांना दर तिमाहीला परिशिष्ट ४-सी द्यावं लागतं. रोख किती तिमाही पुरेल याचा अंदाज त्यातच असतो. इतर ठिकाणी रोख प्रवाहाच्या विवरणावरून स्वतः काढा.

लेखापरीक्षकाच्या अहवालात ‘व्यवसाय पुढे चालू राहण्याबाबत लक्षणीय शंका’ अशा अर्थाचं वाक्य शोधा. नव्या कंपन्यांत ते सर्रास असतं. त्यामुळे लगेच पळू नका, पण पुढची रक्कम कुठून येणार याचं उत्तर मिळेपर्यंत पैसेही घालू नका.

## टप्पा ७ : शेअरच्या अटी

काच उत्तम निघाली, कंपनी तगली, तरी तुमचे पैसे बुडू शकतात ते इथे.

हिस्सा पातळ होतो. आज तुमच्याकडे १ टक्का आहे. पुढे तीन वेळा भांडवल उभारलं आणि दर वेळी नव्या लोकांना २० टक्के दिले, तर तुमचे ०.५१ टक्के उरतात. त्यामुळे कंपनीचं मूल्य जवळपास दुप्पट झालं तरी तुम्ही जागच्या जागी. मूल्यांकन काढताना आजचेच शेअर मोजणं ही नेहमीची चूक. वॉरंट, ऑप्शन आणि कन्व्हर्टिबल नोटा धरून मोजा.

रांगेत मागे. खासगी कंपनीत मोठ्या गुंतवणूकदारांकडे बहुधा प्राधान्याचे शेअर असतात, म्हणजे विक्रीचे पैसे आधी त्यांना मिळतात. त्यांनी ६० कोटी घातले आणि कंपनी ५० कोटींना विकली गेली, तर साध्या शेअरवाल्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. वर्तमानपत्रात मात्र ‘५० कोटींना विक्री’ असंच छापून येतं. सामूहिक गुंतवणुकीच्या ऑनलाइन व्यासपीठावर छोट्या रकमा घालणाऱ्यांना कोणत्या प्रकारचे शेअर मिळणार, ते अर्ज भरण्याआधी वाचा.

विकता येतील का? अमेरिकेच्या सामूहिक गुंतवणूक नियमांत असे शेअर सर्वसाधारणपणे पहिलं वर्षभर विकता येत नाहीत, आणि त्यानंतरही घेणारा सापडायला हवा. मुख्य बाजाराबाहेर खरेदी-विक्री होणाऱ्या शेअरमध्ये दिवसाची उलाढाल पाहा. तुमची रक्कम रोजच्या सरासरी उलाढालीच्या दहाव्या हिश्शापेक्षा मोठी असेल, तर बाहेर पडताना भाव तुम्हीच पाडाल.

पेटंट कोणाचं? बहुतेक मूळ शोध विद्यापीठांतले आहेत. कंपनीकडे मालकी आहे की परवाना, परवाना एकट्या तिलाच आहे का, ठरलेली उद्दिष्टं न गाठल्यास तो परत जातो का, हे वाचा. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं. पंधरा वर्षांपूर्वीच्या अर्जावर उभी कंपनी अजून कारखान्याच्या शोधात असेल, तर संरक्षण विक्रीला वेग येण्याआधीच संपू शकतं.

## टप्पा ८ : रक्कम, हप्ते आणि बाहेर पडायची अट

इथवर कंपनी टिकली तरच रक्कम ठरवा. पूर्ण बुडाली तरी घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि निवृत्तीची तजवीज यांना धक्का लागणार नाही एवढीच. उधारीचा पैसा अजिबात नको.

रक्कम एकदम घालू नका, तीन भाग करा. पहिला भाग मानकाचं खरं प्रमाणपत्र हातात आल्यावर. दुसरा, पूर्ण मापाच्या काचेची वर्षभराची मोजलेली वीज जाहीर झाल्यावर. तिसरा, पैसे मोजून दुसरी ऑर्डर आल्यावर. भाव पडला म्हणून हप्ता घालू नका. टप्पा पार पडला म्हणून घाला. टप्पा पार पडेपर्यंत भाव वाढलेला असेल, हे मान्य करूनच चालायचं. ती अनिश्चितता कमी झाल्याची किंमत आहे.

बाहेर पडायच्या अटी खरेदीच्या दिवशीच तारखेसह लिहा. उदाहरणार्थ: कंपनीने स्वतः जाहीर केलेली उत्पादनाची तारीख दोनदा पुढे ढकलली; रोख सहा महिन्यांच्या खाली आली आणि नवा पैसा जाहीर नाही; तांत्रिक प्रमुख गेला आणि जागा रिकामी; कंपनीने अचानक दुसऱ्याच धंद्याची घोषणा केली. यांपैकी दोन घडल्या की विका, खासगी शेअर असेल तर पुढचा हप्ता बंद करा.

दर तिमाहीला फक्त चार ओळींची नोंद ठेवा: बसवलेले एकूण चौरस मीटर, सगळ्यात मोठ्या काचेचं माप आणि तिची कार्यक्षमता, उरलेले रोख महिने, एकूण शेअरची संख्या. सलग चार तिमाहींत पहिल्या दोन ओळी जागच्या जागी आणि चौथी वाढत असेल, तर लिहून ठेवलेल्या अटींचा कागद बाहेर काढायची वेळ झाली आहे.